अणूचा आकार: निऑन ३८ की १६०?

धागाकर्ता: आवर्तसारणी (पुणे)

नमस्कार. मी पुण्यात अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना रसायनशास्त्र शिकवतो. आवर्तसारणीचे प्रकरण आले की विद्यार्थी दोन वाक्ये पाठ करतात: आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना अणुत्रिज्या कमी होत जाते आणि गणात वरून खाली येताना ती वाढत जाते. दोन्ही वाक्ये योग्यच आहेत. मात्र अप्पा बळवंत चौकातून आणलेली दोन वेगळी संदर्भपुस्तके शेजारी शेजारी उघडली की गोंधळ सुरू होतो. दुसऱ्या आवर्तासाठी बहुतेक शालेय पुस्तके लिथियम १५२, बेरिलियम १११, बोरॉन ८८, कार्बन ७७, नायट्रोजन ७४, ऑक्सिजन ६६ आणि फ्लोरिन ६४ पिकोमीटर असे आकडे देतात. (एक पिकोमीटर म्हणजे एका मीटरच्या एक लाख कोटी भागांपैकी एक भाग.) पुढे निऑनपाशी आलो की एका पुस्तकात १६० च्या आसपासचा आकडा दिसतो, तर दुसऱ्या तक्त्यात तोच निऑन ३८ असतो. आवर्ताच्या शेवटी आकार एकदम अडीचपट होतो, की तो कमीच होत राहतो? हा प्रश्न वर्गात हमखास येतो आणि त्याचे उत्तर सविस्तर द्यावे म्हणून हा धागा काढत आहे.

अणूला कडा नसते, हे आधी लक्षात घ्यायला हवे. इलेक्ट्रॉनचा मेघ केंद्रकापासून दूर जाताना विरळ होत जातो, पण तो अमुक ठिकाणी संपला असे दाखवता येत नाही. त्यामुळे सुट्या अणूला मोजपट्टी लावण्याची सोय नाही. प्रयोगात मोजता येते ते दोन केंद्रकांमधले अंतर, आणि त्याचे निम्मे करून आपण त्याला त्रिज्या म्हणतो. आता ही दोन केंद्रके कोणत्या नात्याने शेजारी आली आहेत, यावर आकडा अवलंबून असतो. क्लोरीनच्या रेणूत दोन केंद्रकांत १९८ पिकोमीटर अंतर असते, म्हणून क्लोरीनची सहसंयुज त्रिज्या ९९. सोडियम धातूच्या स्फटिकात लगतच्या दोन केंद्रकांत ३७२ पिकोमीटर अंतर असते, म्हणून सोडियमची धात्वीय त्रिज्या १८६. पण गोठवलेल्या क्लोरीनमध्ये दोन वेगवेगळ्या रेणूंतील क्लोरीन अणू एकमेकांना नुसते टेकलेले असतात, त्यांच्यात बंध नसतो. त्या अंतरावरून काढलेली व्हॅन डर वाल्स त्रिज्या १७५ च्या आसपास येते. क्लोरीनचा अणू तोच, पण एका व्याख्येने ९९ आणि दुसऱ्या व्याख्येने १७५.

निऑन बंध करत नाही, त्यामुळे त्याला सहसंयुज त्रिज्या देताच येत नाही. तक्ता भरण्यासाठी त्याची व्हॅन डर वाल्स त्रिज्या घेतली जाते आणि ती फ्लोरिनच्या सहसंयुज त्रिज्येशेजारी छापली जाते. आवर्ताच्या शेवटी दिसणारी ती उडी दोन निराळी मापे एका ओळीत लिहिल्यामुळे दिसते. ३८ हा आकडा गणिताने काढलेला आहे. १९६७ साली एन्रिको क्लेमेंटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक अणूच्या सर्वांत बाहेरच्या कक्षकात (केंद्रकाभोवतीच्या ज्या भागात इलेक्ट्रॉन असण्याची शक्यता असते त्यात) इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता केंद्रकापासून किती अंतरावर सर्वाधिक असते, ते काढले. त्या पद्धतीने लिथियम १६७, कार्बन ६७, फ्लोरिन ४२ आणि निऑन ३८ येतो. एकाच व्याख्येने पाहिले तर निऑन हा आपल्या आवर्तातला सर्वांत लहान अणू आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की अणुत्रिज्येच्या प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर ती कोणत्या प्रकारची त्रिज्या आहे, हे छापलेच पाहिजे.

प्रतिसाद: कोथरूडची_आई

माझी मुलगी यंदा दहावीला आहे. तिचा प्रश्न असा की आवर्तात पुढे जाताना प्रत्येक पावलावर एक इलेक्ट्रॉन वाढतो, मग अणू मोठा व्हायला हवा. तो लहान कसा होतो? तिच्या वहीत उत्तर म्हणून ‘केंद्रकावरील धनप्रभार वाढतो’ एवढे एकच वाक्य आहे. आणखी एक गोष्ट तिनेच दाखवली. लिथियमपासून बेरिलियमपर्यंत त्रिज्या ४१ पिकोमीटरने घटते, पण ऑक्सिजनपासून फ्लोरिनपर्यंत अवघ्या २ ने. प्रभार तर दोन्ही ठिकाणी एकानेच वाढतो. हे कसे समजावून सांगावे?

प्रतिसाद: आवर्तसारणी

ताई, तुमच्या मुलीचा दुसरा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण त्याच्या उत्तरात पहिल्याचेही उत्तर आहे.

बाहेरच्या इलेक्ट्रॉनला केंद्रकाची पूर्ण ओढ जाणवत नाही, कारण मधले इलेक्ट्रॉन ती काही प्रमाणात झाकतात. याला परिरक्षण म्हणतात आणि उरलेल्या ओढीला परिणामी केंद्रकीय प्रभार. १९३० साली जॉन स्लेटर यांनी तो काढण्याचे सोपे नियम दिले. त्यांनुसार लगतच्या आतल्या कवचातला प्रत्येक इलेक्ट्रॉन ०.८५ इतके झाकतो, त्याहून आतला प्रत्येक इलेक्ट्रॉन पूर्ण १ झाकतो, पण त्याच कवचातला सोबती फक्त ०.३५ झाकतो. (पहिल्या कवचासाठी वेगळा आकडा आहे, तो इथे लागत नाही.) लिथियममध्ये ३ प्रोटॉन आणि आतल्या कवचात २ इलेक्ट्रॉन आहेत, म्हणून ३ मधून १.७० वजा जाता १.३० उरतात. बेरिलियममध्ये ४ मधून १.७० आणि ०.३५ वजा जाता १.९५ उरतात. म्हणजे आवर्तात प्रत्येक पावलावर एक प्रोटॉन वाढतो, नवा इलेक्ट्रॉन त्याच कवचात येतो, आणि तो आपल्या सोबत्यांना केंद्रकापासून जेमतेम एक तृतीयांश झाकू शकतो. उरलेले ०.६५ प्रत्येक वेळी ओढीत जमा होतात आणि सगळे कवच आत खेचले जाते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एवढेच.

आता घट मंदावण्याचे कारण पाहू. १.३० चे १.९५ होणे ही निम्म्याने वाढ आहे, तर ऑक्सिजनच्या ४.५५ चे फ्लोरिनमध्ये ५.२० होणे ही जेमतेम १४ टक्के वाढ आहे. भर तेवढीच पडते, पण आधीच्या साठ्याच्या मानाने ती कमी कमी होत जाते. शिवाय एकाच कवचात इलेक्ट्रॉनांची दाटी झाल्याने त्यांचे परस्पर प्रतिकर्षणही वाढते. एक सावधगिरी मात्र घ्यावी: छापील १५२ आणि १११ या धात्वीय त्रिज्या आहेत, तर ६६ आणि ६४ सहसंयुज, त्यामुळे ४१ आणि २ या घटींची तुलना फार ताणू नये. क्लेमेंटींच्या एकाच व्याख्येच्या आकड्यांत त्याच दोन घटी ५५ आणि ६ आहेत, म्हणजे मुलीचे निरीक्षण तिथेही टिकते.

तिला हे करून पाहू द्या. कवचाच्या क्रमांकाचा वर्ग घ्या, त्याला परिणामी प्रभाराने भागा आणि ५३ ने गुणा. हायड्रोजनमध्ये इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता ५३ पिकोमीटरवर सर्वाधिक असते, म्हणून तो आकडा. लिथियमसाठी ४ भागिले १.३० गुणिले ५३ म्हणजे १६३ येतात, बेरिलियमसाठी १०९, फ्लोरिनसाठी ४१ आणि निऑनसाठी ३६. क्लेमेंटींच्या काटेकोर गणिताचे आकडे अनुक्रमे १६७, ११२, ४२ आणि ३८ आहेत. वहीच्या अर्ध्या पानावर दहावीतल्या मुलीला इतके जवळ जाता येते, याचा मला दरवेळी आनंद होतो. तिसऱ्या आवर्तापासून मात्र अंतर पडू लागते. सोडियमला या रीतीने २१७ येतात आणि काटेकोर गणित १९० सांगते.

गणात खाली जाताना काय होते, तेही यातच आहे. स्लेटरच्या नियमांनी सोडियम आणि पोटॅशियम या दोघांचाही परिणामी प्रभार २.२० येतो. ओढ जवळपास तेवढीच राहते आणि कवच मात्र एकाने बाहेर सरकते, म्हणून लिथियम १५२, सोडियम १८६, पोटॅशियम २३१, रुबिडियम २४४ आणि सीझियम २६२ असा क्रम लागतो.

प्रतिसाद: सराफकट्टा

आमच्या घरी तीन पिढ्यांची सराफी आहे आणि रविवार पेठेत आमची मूस अजून चालू आहे. दोन गोष्टींबद्दल विचारतो. एकाच साच्यात ओतलेली चांदीची आणि सोन्याची पट्टी हातात घेतली तर सोन्याची पट्टी जवळजवळ दुप्पट जड लागते. गणात खाली सोने चांदीच्या एक घर खाली आहे, म्हणजे त्याचा अणू मोठा असणार. मग तेवढ्याच जागेत कमी अणू बसून वजनातला फरक काहीसा भरून निघायला हवा, पण तसे होत नाही. दुसरे असे की सोन्यात चांदी घातली तर ती अगदी सहज मिसळते आणि माल मऊ राहतो, पण तांबे जास्त पडले की तार ओढताना ती ताठर होते आणि मध्ये मध्ये तापवून घ्यावी लागते. याचा अणूच्या आकाराशी काही संबंध आहे का?

प्रतिसाद: आवर्तसारणी

संबंध थेट आहे. ‘गणात खाली आकार वाढतो’ हा नियम जिथे अडखळतो, नेमकी तीच जागा तुमच्या हातात रोज असते.

सोने, चांदी आणि तांबे या तिन्हींचे स्फटिक एकाच घडणीचे असतात. घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि सहा बाजूंच्या मध्यावर अणू असतात, आणि वाटणी केली तर प्रत्येक घनाच्या वाट्याला चार अणू येतात. क्ष-किरणांनी मोजलेली या घनाची कड चांदीत ४०९ पिकोमीटर आहे आणि सोन्यात ४०८. बाजूच्या कर्णावर अणू एकमेकांना टेकलेले असतात आणि त्या कर्णात चार त्रिज्या मावतात, म्हणून ४०८ ला १.४१४ ने गुणून ४ ने भागले की १४४ येतात. चांदीचेही जवळजवळ तेवढेच येतात. सोन्याचा अणू चांदीपेक्षा केसभर लहानच आहे. आता जागा तेवढीच आणि अणू चारच, पण सोन्याच्या चार अणूंचे वस्तुमान ७८८ एकके तर चांदीच्या चार अणूंचे ४३१. हे गुणोत्तर १.८३ आहे. घनता पाहा: सोन्याची दर घनसेंटिमीटरला १९.३ ग्रॅम, चांदीची १०.५, आणि गुणोत्तर १.८४. तुमच्या हाताला जाणवणारा फरक हा केवळ अणूच्या वस्तुमानाचा आहे, आकाराचा त्यात वाटा नाही.

एक कवच वाढूनही सोन्याचा अणू मोठा का झाला नाही? पाचव्या आवर्तातून सहाव्यात येताना मध्ये लॅन्थनॉइड मूलद्रव्यांची रांग लागते. तिथे चौदा इलेक्ट्रॉन आतल्या ४-एफ कक्षकांत (चौथ्या कवचातल्या एफ प्रकारच्या कक्षकांत) भरले जातात आणि केंद्रकात चौदा प्रोटॉन वाढतात. एफ कक्षकांचा मेघ इतका पसरट असतो की तो बाहेरच्या इलेक्ट्रॉनांपासून केंद्रकाला नीट झाकू शकत नाही. चौदा वेळा थोडी थोडी ओढ साचत जाते आणि पुढच्या मूलद्रव्यांना नव्या कवचाने मिळालेली वाढ जवळजवळ पूर्ण पुसली जाते. यालाच लॅन्थनॉइड आकुंचन म्हणतात. सोन्याच्या बाबतीत सापेक्षतेचाही हात आहे: ७९ प्रोटॉनांच्या ओढीखाली सर्वांत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून अधिक वेगाने फिरतात, त्यांचे वस्तुमान वाढते, आणि बाहेरचा ६-एस कक्षकही त्या परिणामाने आकसतो. सोन्याचा पिवळा रंगही याच कारणाने आला आहे.

तांब्याच्या घनाची कड ३६१ पिकोमीटर, म्हणजे त्रिज्या १२८. सोन्याच्या स्फटिकात सोन्याच्या जागी चांदीचा अणू बसला तर शेजाऱ्यांना काही जाणवत नाही. तांब्याचा अणू बसला तर तो ११ टक्के लहान पडतो, आजूबाजूचे अणू आत ओढले जातात आणि थर सरळ राहत नाहीत. धातू वाकतो किंवा तार होऊन लांबतो तेव्हा हेच थर एकमेकांवरून सरकत असतात. थर वाकडे झाले की सरकणे अडते, आणि तार ओढताना तुम्हाला जाणवणारा ताठरपणा तो हाच.

प्रतिसाद: पाषाणनिवासी

धातुविज्ञानात नोकरी करून निवृत्त झालो आहे. सराफकट्टा यांच्या सोन्या-चांदीला जोड म्हणून झिर्कोनियम आणि हाफ्नियम यांची जोडी सांगावीशी वाटते, कारण लॅन्थनॉइड आकुंचनाचा तिच्याइतका खर्चिक परिणाम मी दुसरा पाहिलेला नाही.

झिर्कोनियमची धात्वीय त्रिज्या १६० आणि त्याच्या खालच्या हाफ्नियमची १५९ पिकोमीटर. एकाच गणातले असल्याने बाहेरचे इलेक्ट्रॉन सारखे आणि आकारही सारखाच, त्यामुळे रासायनिक अभिक्रियांना दोघांतला फरक जवळजवळ कळतच नाही. झिर्कोनियमच्या खनिजात हाफ्नियम एक ते तीन टक्के मिसळलेले असूनही ते १९२३ पर्यंत कोणाला सापडले नव्हते. त्या वर्षी कोपनहेगनमध्ये डर्क कोस्टर आणि जॉर्ज हेवेशी यांनी क्ष-किरणांच्या वर्णपटावरून ते ओळखले. क्ष-किरण वर्णपट केंद्रकावरील प्रभारावर ठरतो, म्हणून तिथे ते लपू शकले नाही.

अणुभट्टीत मात्र हे दोघे अगदी विरुद्ध वागतात. झिर्कोनियम न्यूट्रॉन जवळजवळ शोषत नाही, म्हणून युरेनियम इंधनाच्या नळ्या त्याच्या संमिश्राच्या करतात. हाफ्नियम त्याच्या शेकडो पट न्यूट्रॉन शोषते, म्हणून ते नियंत्रक कांड्यांसाठी वापरतात. आपल्या तारापूरच्या अणुभट्ट्यांतील इंधनाच्या नळ्याही झिर्कोनियमच्या संमिश्राच्या आहेत, आणि देशासाठी हे काम हैदराबादचे न्यूक्लियर फ्युएल कॉम्प्लेक्स करते. तिथे झिर्कोनियममधून हाफ्नियम वेगळे काढण्यासाठी द्रावकाने निष्कर्षण करण्याची प्रक्रिया अनेक टप्प्यांनी पुन्हा पुन्हा चालवावी लागते. एका पिकोमीटरचा फरक जरा मोठा असता तर हे काम किती हलके झाले असते, याचा विचार विद्यार्थ्यांनी जरूर करावा.

प्रतिसाद: बारावी_विज्ञान

सर, दोन शंका आहेत. ॲल्युमिनियम १४३ आणि त्याच्या खालचे गॅलियम १३५, असे आमच्या पुस्तकात आहे. इथे तर मध्ये लॅन्थनॉइड येत नाहीत, मग गॅलियम लहान कसे? आणि आयनांच्या आकारांचे प्रश्न सोडवताना आम्ही नेहमी गोंधळतो. त्यांच्यासाठी वेगळा नियम आहे का?

प्रतिसाद: आवर्तसारणी

गॅलियमच्या आधी स्कँडियमपासून जस्तापर्यंत दहा मूलद्रव्ये येतात आणि ३-डी कक्षकांत दहा इलेक्ट्रॉन भरले जातात. डी कक्षक एफइतके नाही, पण एस आणि पी यांच्यापेक्षा वाईटच झाकतात, म्हणून हे त्याच आकुंचनाचे धाकटे रूप आहे. याच रांगेत लोह १२६, कोबाल्ट १२५ आणि निकेल १२५ असे आकार जवळजवळ थबकतात, कारण डी इलेक्ट्रॉनांची वाढती दाटी आणि केंद्रकाची वाढती ओढ तिथे जवळपास तुल्यबळ होतात. जस्तापर्यंत येईतो त्रिज्या पुन्हा १३७ होते.

आयनांसाठी वेगळा नियम नाही. ऑक्साइड, फ्लोराइड, सोडियम आणि मॅग्नेशियम या चारही आयनांत इलेक्ट्रॉन नेमके दहाच आहेत, आणि प्रोटॉन अनुक्रमे ८, ९, ११ आणि १२. त्यांच्या त्रिज्या १४०, १३३, १०२ आणि ७२ पिकोमीटर आहेत. इलेक्ट्रॉनांची संख्या आणि कवच स्थिर ठेवून फक्त ओढ बदलली तर काय होते, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे दुसरे उदाहरण नाही. समइलेक्ट्रॉनी प्रश्नात फक्त प्रोटॉन मोजा, उत्तर चुकणार नाही.

प्रतिसाद: आलेखकागद

विद्यार्थ्यांना हे सगळे स्वतः शोधून काढता येईल असा एक उपाय सुचवतो. युलियस लोथार मायर यांनी १८७० साली, म्हणजे इलेक्ट्रॉनचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी, प्रत्येक मूलद्रव्याच्या अणुवस्तुमानाला त्याच्या घनरूपातील घनतेने भागले आणि आलेख काढला. तो आलेख आजही हाताने काढण्याजोगा आहे. लिथियमसाठी ६.९४ भागिले ०.५३४ म्हणजे १३ घनसेंटिमीटर येतात, सोडियमसाठी सुमारे २४, पोटॅशियमसाठी सुमारे ४५, रुबिडियमसाठी ५६ आणि सीझियमसाठी सुमारे ७०. प्रत्येक आवर्ताच्या आरंभी एक अल्क धातू शिखरावर दिसतो आणि मध्यभागी दरी येते. पोटॅशियम सोडियमपेक्षा जड अणूंचे असूनही पाण्यावर अधिक सहज तरंगते, याचे कारण या उड्यांत आहे: वस्तुमान १.७ पट वाढते, पण व्यापलेली जागा १.९ पट.

मी हा आलेख सहाव्या आवर्तातही पुढे नेला, तेव्हा लॅन्थनॉइडच्या सपाट भागात दोन अनपेक्षित टेकड्या आल्या. समेरियम आणि गॅडोलिनियम २० च्या आसपास आहेत, पण त्यांच्यामधले युरोपियम २९ आहे. पुढे यटर्बियमही २५ वर उठलेले आहे. आकुंचन सलग चालू असताना हे दोघेच मोठे का?

प्रतिसाद: आवर्तसारणी

हा आलेख प्रत्येक वर्गात काढून घ्यायला हवा. वापरताना एवढे लक्षात ठेवावे की गंधक, फॉस्फरस, आयोडीन अशा रेणूंनी बनलेल्या पदार्थांत रेणूंमधली रिकामी जागाही मोजली जाते, त्यामुळे धातूंची तुलना धातूंशीच करावी.

युरोपियम आणि यटर्बियमच्या टेकड्या खऱ्या आहेत. इतर लॅन्थनॉइड धातूंच्या स्फटिकात प्रत्येक अणू तीन इलेक्ट्रॉन सामाईक साठ्यात देतो आणि त्या साठ्यामुळे अणू एकमेकांजवळ बांधले जातात. युरोपियमने दोनच इलेक्ट्रॉन दिले की ४-एफ मध्ये सात इलेक्ट्रॉन उरतात, म्हणजे ते कक्षक नेमके अर्धे भरलेले राहतात. यटर्बियमने दोनच दिले की चौदा उरतात, म्हणजे पूर्ण भरलेले. ही मांडणी ऊर्जेच्या दृष्टीने फायद्याची असल्याने हे दोघे तिसरा इलेक्ट्रॉन स्वतःपाशी ठेवतात. साठा कमी, म्हणून बंध सैल, म्हणून अंतर जास्त: युरोपियमची धात्वीय त्रिज्या १९९ पिकोमीटर येते, तर शेजारच्या गॅडोलिनियमची १८० च्या आसपास. यांच्याच तीन धनप्रभारांच्या आयनांचे आकार घेतले तर मात्र लॅन्थेनमच्या १०३ पासून ल्युटेटियमच्या ८६ पिकोमीटरपर्यंत उतार सलग दिसतो आणि दोन्ही टेकड्या नाहीशा होतात, कारण तिथे प्रत्येकाने तीनच इलेक्ट्रॉन दिलेले असतात.